चहाआधीचं एक मिनिट

टर्बो दिसत नाही. दिसतं ते त्याचं बिल. पिकअप घेतलेल्या माणसाला टायर दिसतात, ताडपत्री दिसते, डॅशबोर्डवरचा गणपती आणि त्याच्या गळ्यातला कालचा हार दिसतो. मागच्या फळीवर रंगवलेलं धाकट्या मुलीचं नाव तर अर्ध्या मैलावरून दिसतं. टर्बो मात्र बॉनेट उघडून वाकून पाहिलं तरी चटकन सापडत नाही. इंजिनाच्या कुशीत, पत्र्याच्या आडोशाला, गंजल्या रंगाचं एक वळसेदार गाठोडं बसलेलं असतं. मेस्त्री त्याच्याकडे पान्याने खूण करून "हा गेला" म्हणतो, तेव्हा मालक आधी त्या गाठोड्याकडे बघतो, मग मेस्त्रीकडे, आणि पहिला प्रश्न विचारतो, "एवढ्याशाला एवढे?"

माझ्या चुलतभावाची रत्नागिरीजवळ हापूसची कलमं आहेत आणि अंगणात एक पिकअप. हंगामात ती आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जाते. येताना भाजीपाला, गूळ, कधी कुणाचं कपाट, कधी कुणाची सासू. पावसाळा सोडला तर उरलेल्या दिवसांत चिरे वाहते. मला कोल्हापुरात काम निघालं की मी एसटीऐवजी तिच्या केबिनमध्ये बसतो. प्रवास सुखाचा नसतो. ड्रायव्हरचा गिअर टाकणारा हात दर वळणाला माझ्या गुडघ्याला लागतो, आणि पेंढ्याचा नि पिकत्या आंब्याचा वास इतका दाटतो की मलकापूर येईतो जेवणावरची वासना उडते. पण ज्ञान भरपूर मिळतं. एसटीत शेजारचा माणूस झोपतो. पिकअपच्या ड्रायव्हरला झोपायची सोय नसते, म्हणून तो बोलतो.

साखरप्यापर्यंत आमचा ड्रायव्हर आंब्याचे भाव, पोलिसांचे भाव आणि मालकाचा स्वभाव या विषयांवर बोलतो. मालक माझा भाऊ आहे हे त्याला ठाऊक असतं. त्याचं बोलणं मी मालकाला सांगावं म्हणूनच तो बोलतो असा मला संशय आहे. साखरपा मागे पडून आंबा घाट लागला की मात्र गप्प होतो. तिसरा गिअर, मग दुसरा. इंजिनाचा सूर जड होतो आणि त्या जड सुरावर एक बारीक, उंच शिट्टी चढत जाते. "ऐकलंत सर? टर्बो," तो म्हणतो, आणि ती शिट्टी आपणच वाजवत असल्याच्या अभिमानाने पुढचं वळण घेतो.

शिट्टीचा जन्म स्वित्झर्लंडमधला. डिझेल जाळून जी ताकद मिळते तिच्यातला ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच इंजिनाच्या कामी येतो. साधारण तेवढाच रेडिएटरचं पाणी तापवण्यात जातो आणि तेवढाच गरम धूर होऊन सायलेन्सरवाटे निघून जातो. ही उधळपट्टी आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या तरुण इंजिनिअरला सहन झाली नाही. बाहेर पडणाऱ्या धुराने एक चाक फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक बसवायचं आणि त्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, ही त्याची कल्पना. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळणार, म्हणून तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त मिळणार. १९०५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने तिचं पेटंट घेतलं.

पुढची वीसेक वर्षं त्याने ती कल्पना खरी करण्यात घालवली. कागदावर चाक फिरत होतं. खऱ्या धुरात ते टिकत नव्हतं. शेवटी विसाच्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना त्याचा टर्बो लागला आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागलं. मधल्या काळात, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या गृहस्थाने विमानाचं एक इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक नावाच्या ४३०० मीटर उंच डोंगरावर नेलं होतं. तिथल्या विरळ हवेतही टर्बोमुळे इंजिनाचा दम टिकतो हे त्याला सिद्ध करायचं होतं, आणि ते झालं. म्हणजे टर्बोचा आणि घाटाचा संबंध जुनाच. टर्बो लावलेली डिझेल मोटार बाजारात यायला मात्र १९७८ साल उजाडलं. ती मर्सिडीजची होती. आमच्या चिऱ्यांच्या गाडीत टर्बो आला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तोवर त्याचा तोराही उतरला होता आणि किंमतही.

आता जरा हिशेब. पिकअपच्या टर्बोतलं हवा दाबणारं चाक साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचं धरा. भरल्या गाडीने घाट चढताना ते मिनिटाला लाख ते दीड लाख फेरे घेतं. दीड लाख धरले तर त्याच्या पात्यांच्या टोकांचा वेग ताशी १४०० किलोमीटरच्या घरात जातो. आवाजाचा वेग १२३५. म्हणजे बाहेर पिकअप ताशी वीसने रखडतेय, मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्या उद्धरतोय, ड्रायव्हर "घे बाबा, पुढे जाऊन उभा राहा" म्हणून हात दाखवतोय, आणि त्याच वेळी आमच्या पायांपासून चार फुटांवर काहीतरी आवाजालाही मागे टाकून धावतंय. हे कळल्यापासून मी त्या घाटात हॉर्न वाजवणाऱ्यांवर चिडणं सोडलं आहे.

एवढ्या वेगात फिरणारा दांडा कशावर टेकलेला असेल? छर्ऱ्यांच्या बेअरिंगवर असणार, असं मला वाटे. काही टर्बोंत तसं असतंही. पण आमच्या जातीच्या टर्बोत दांडा टेकलेलाच नसतो, तो तरंगत असतो. इंजिनाचा पंप एका बारीक नळीने दाबाखाली ऑइल पाठवतो आणि दांडा व बेअरिंग यांच्यामध्ये त्याचा एक पापुद्रा तयार होतो. त्या फटीत केसही मावायचा नाही. त्या पापुद्र्यावर सगळा संसार. एका बाजूला धुराचं चाक, घाटात सहाशे-सातशे अंशांवर तापलेलं. दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा ओढणारं ॲल्युमिनियमचं चाक. दोन्हींमध्ये वीतभरही अंतर नाही. ऑइलने दांडा उचलून धरायचा, वर त्याच्या अंगची आग घेऊन खाली चेंबरात उतरायचं. नुसतं वंगण म्हणून त्याच्याकडे बघणं हा अन्याय आहे.

आणि इथेच चहा आडवा येतो.

घाट संपतो, आंबा गाव येतं, आणि वळणावर टपरी असते. कढईतून भजी निघत असतात. खालच्या उकाड्यातून वर आल्यावर तिथला वारा अंगाला लागतो आणि माणूस पाघळतो. ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, चाकं थांबायच्या आत चावी फिरवतो आणि दार उघडं टाकून "दोन चहा, एक प्लेट कांदाभजी" असं ओरडत उतरतो. दमलेल्या माणसाने दुसरं काय करावं?

पण चावी फिरली की इंजिन थांबतं, इंजिनाबरोबर पंप थांबतो, आणि पंप थांबला की नळीतलं ऑइल थांबतं. टर्बोचा दांडा लगेच थांबत नाही. आधीच्या वेगावर काही क्षण फिरतच राहतो, आता कोरडा. धुराकडचं बीड लालसर तापलेलं असतं. चालू गाडीत ती धग ऑइल वाहून नेत होतं, आता ती सावकाश आत, बेअरिंगकडे सरकते. तिथे अडकलेलं थोडंसं ऑइल अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गेलं की करपायला लागतं. त्याचा काळा, कडक थर फटीत आणि त्या बारीक नळीत बसतो. इकडे चहाचा दुसरा घोट झालेला असतो. टर्बो एका चहाने मरत नाही. रोजच्या चहाने त्याच्या नळीची वाट थोडी थोडी बुजत जाते, आणि एके दिवशी ऑइल पोचेनासं होतं.

इलाज साधा आहे, आणि गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर निघालेली नसते, हा भाग निराळा. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नये. मिनिटभर नुसती चालू ठेवावी. तेवढ्यात चाकाचा वेग उतरतो, धुराची आग कमी होते, ऑइल फिरत राहतं आणि बेअरिंगची धग घेऊन जातं. एक मिनिट, फार तर दोन.

हे मिनिट आपल्याला का देववत नाही, याचं मला मोठं कुतूहल आहे. कारण निघताना रेंगाळण्याची कला आपल्याइतकी कुणाला साधली असेल असं वाटत नाही. पाहुणा "निघतो आता" म्हणून उठतो, मग उभ्याने मुलाच्या ॲडमिशनचं बोलणं होतं. दाराशी येतो, चपलेत एक पाय घालतो आणि भावकीतल्या जमिनीच्या वाटणीचा विषय निघतो. दुसरा पाय चपलेत जाईतो यजमानीण बाईंना आठवतं की लोणचं द्यायचं राहिलं. फाटकाशी पुन्हा पंधरा मिनिटं. माणसाला निरोप देताना त्याला हळूहळू गार होऊ द्यायचं असतं हे ज्या समाजाला इतकं अंगवळणी पडलं आहे, त्याने इंजिनाच्या तोंडावर असं धाडकन दार लावावं?

ड्रायव्हरला विचारलं तेव्हा खरं कारण कळलं, आणि ते स्वभावात नव्हतं, अर्थशास्त्रात होतं. "सर, चालू गाडी उभी दिसली की मालक वराडतो. डिझेल काय फुकट येतं काय, म्हणतो." मालक म्हणजे माझा चुलतभाऊ. तो वृत्तीने वाईट नाही. पण गाडीचा हप्ता, पेट्यांचा खर्च आणि अडत्याची कापलेली पट्टी यांच्यामध्ये दबलेला माणूस जे कमी करता येईल ते कमी करतो, आणि उभ्या गाडीचा धडधड आवाज त्याला नोटा मोजल्याचा वाटतो. मी त्याला आकडा काढून दाखवला. अडीच लिटरचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल पितं. म्हणजे मिनिटाला बारा-तेरा मिलिलिटर, दोन-अडीच चमचे. रुपया-सव्वा रुपया. त्याने कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आणि वर्षाचे किती होतात?" कोकणी माणसाला हिशेब दाखवताना तो स्वतःहून पुढे गुणाकार करतो, हे मी विसरायला नको होतं.

याची उलटी बाजूही सांगायला हवी. हे एक मिनिट कुठूनतरी कानावर पडलेले काही भाविक असतात. ते बाजारातून भाजी घेऊन आले तरी अंगणात दहा मिनिटं गाडी धुमसत ठेवतात. त्याची काही गरज नसते. सपाटीवरून सावकाश आलेल्या गाडीचा टर्बो आधीच थंडावलेला असतो, आणि उगाच तासन्‌तास गाडी चालू ठेवली तर काजळीच वाढते. सकाळची गोष्ट मात्र वेगळी. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरून गेलेलं असतं. चालू केल्याबरोबर ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गुरकावून घेणं ही जी आपल्याकडची प्रभातवंदना आहे, तिच्यात टर्बो पहिले काही क्षण उपाशीपोटी धावतो. अर्धं मिनिट गप्प बसावं. अंगणातल्या कोंबड्यांनाही बरं वाटतं.

तर गेल्या हंगामाच्या तोंडावर आमच्या पिकअपचा टर्बो गेला. आधी गाडी चढाला उचलेना. मग काळा धूर. मग ती शिट्टी बदलली. गोड होती ती किंचाळायला लागली आणि एका चढावर एकदम थांबली. जवळच्या गॅरेजात टर्बो बदलला. "सील गेलं होतं" असं निदान झालं, पैसे दिले, नारळ फोडला. महिना पुरता उलटला नाही तोच मागून निळा धूर सुरू. पुन्हा सील. यावेळी नारळ फोडायचा उत्साह कुणात नव्हता. तेव्हा कुणीतरी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडे जा म्हणून सांगितलं. ज्या वस्तीत ओतकाम आणि लेथ घरोघरी चालत आले आहेत, तिथल्या माणसाला बिडाचं मन कळत असणार, अशी आमची श्रद्धा.

मिस्त्री साठीचे. त्यांनी टर्बोकडे पाहिलंच नाही. ते आधी गाडीभोवती फिरले, ऑइल भरायचं झाकण उघडून चालू इंजिनाच्या तोंडावर तळहात धरला, वास घेतला आणि चुलतभावाला म्हणाले, "मालक, म्हातारा होऊन मेलेला टर्बो मी लई कमी बघितलाय. बहुतेक कुणीतरी घालवलेलेच येत्यात. आदी घालवणारा हुडकायचा."

मग ते एअर फिल्टरकडे वळले. हंगाम नसताना चिरे वाहणारी गाडी. खाणीच्या वाटेवर जांभ्याची तांबडी धूळ टायरभर असते. फिल्टर चोंदला की ड्रायव्हर तो पंक्चरवाल्याकडे नेऊन बाहेरून हवा मारून घ्यायचा. बाहेरून मारलेल्या हवेने धूळ कागदात आणखी रुतते, आणि प्रेशर जोराचा असला तर कागदाला बारीक चिरा जातात. त्या चिरांतून आत गेलेली धूळ त्या आवाजापेक्षा वेगवान पात्यांवर आदळते. मिस्त्रींनी जुन्या टर्बोचं चाक आमच्या हातात दिलं. पात्यांच्या कडा, ज्या धारदार असायला हव्यात, त्या गोलसर, खरबरीत झाल्या होत्या. "कोकण खाल्लंय ह्येनं," ते म्हणाले.

पुढे होज पाइप. टर्बोतून दाबलेली हवा तापलेली असते. ती इंटरकूलरमध्ये गार होऊन इंजिनात जाते आणि वाटेत तिला रबरी होज लागतात. आमच्या एका होजला चीर होती आणि तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने आवळली होती. ड्रायव्हरने स्वतः केलेलं काम, दिसायला मजबूत. पण तिथून हवा निसटली की इंजिनाला ठरलेला दाब मिळत नाही. तो भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरतो, त्याच्या मर्यादेपलीकडे. काळा धूर त्याचाच होता: डिझेल आलंय, हवा पुरत नाही. चाळीस रुपयांच्या क्लिपेने आणि एका नव्या होजने जे भागलं असतं, त्याचा भार टर्बोने आपल्या अंगावर घेतला होता.

ऑइलचं तर विचारू नका. ते कधी बदललं, हे कुणाला आठवेना. "काळं पडलं की बदलतो," ड्रायव्हर म्हणाला. मिस्त्री हसले. डिझेल गाडीत आज भरलेलं ऑइल चार दिवसांत काळं होतं. रंगावरून काही कळत नाही. किलोमीटर लिहून ठेवावे लागतात. आणि ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा लागतो. नाही तर तो चोंदतो, त्याच्या आतली आडवाट उघडते आणि गाळ न गाळता थेट टर्बोच्या त्या केसाहून बारीक फटीत जातो.

खरा गुन्हेगार मात्र वेगळाच निघाला. दुसऱ्यांदा गेलेल्या टर्बोचं सील गेलंच नव्हतं. सील म्हणजे रबराचं काहीतरी असणार अशी माझी समजूत. तिथे रबर टिकेल कसं? दांड्याच्या टोकांशी धातूची बारीक रिंग असते, आणि ऑइलला आत ठेवण्याचं मुख्य काम दोन्ही बाजूंच्या हवेचा नि धुराचा दाब करतो. वरून दाबाने आलेलं ऑइल खाली मात्र कुणी ढकलत नाही. जाड नळीतून आपल्या वजनाने उतरतं. ती उतरायची वाट बंद असली तर ते जाईल कुठे? मिळेल त्या फटीतून धुरात जातं आणि निळा धूर होतं. आमच्या गाडीची खालची नळी पहिल्यांदा टर्बो बदलताना गॅस्केटऐवजी लावलेल्या सिलिकॉनच्या पेस्टने अर्धी बुजली होती. पेस्ट जरा सढळ हाताने लागली होती, ओघळून आत गेली होती. शिवाय इंजिनाचा ब्रीदर चोंदलेला, त्यामुळे चेंबरातला दाब ऑइलला उलट वर ढकलत होता. झाकण उघडून तळहात धरून मिस्त्रींनी तेच पाहिलं होतं. हे तसंच ठेवून तिसरा टर्बो बसवला असता तर तोही गेला असता, चौथाही. सीलला मात्र सगळ्यांनी नावं ठेवली असती.

ऑइल उलट्या दिशेने, हवेच्या बाजूला गळायला लागलं तर काय होतं, हे मिस्त्रींनी चहा पिताना सांगितलं. ते ऑइल होजमधून इंजिनात जातं, आणि डिझेल इंजिनाला ऑइलही चालतं, डिझेल म्हणून ते तेच जाळायला लागतं. मग चावी काढून खिशात घातली तरी इंजिन थांबत नाही. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, चावी हातात, आणि गाडी स्वतःच्या मर्जीने ओरडत वेग वाढवतेय, पांढरानिळा धूर गल्लीभर. स्वतःचं ऑइल संपेपर्यंत किंवा स्वतः फुटेपर्यंत ती थांबत नाही. अशा वेळी दोनच मार्ग: ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवायचं, नाही तर हवा ओढणाऱ्या तोंडावर जाड फळी दाबून धरायची. "हात लावायचा न्हाई," मिस्त्री दोनदा म्हणाले. "आणि गाडी फुटायला लागली तर लांब पळायचं. गाडी मिळत्या." आमच्या ड्रायव्हरने चहा खाली ठेवला. माझ्या आठवणीत त्याने अर्धा चहा ठेवल्याचा हा एकमेव प्रसंग.

टर्बो बसवण्याचा सोहळा बघण्यासारखा होता. मिस्त्रींनी आधी इंटरकूलर आणि सगळे होज उतरवून धुतले. जुन्या चाकाचा तुकडा त्यात राहिला असेल तर तो नव्या चाकाचा पहिल्याच दिवशी घास घेतो, आणि साठलेलं ऑइल राहिलं तर तेच वर सांगितलेलं नाटक. वरची बारीक नळी नवीन घातली; "ह्या नळीत तार घालून साफ करणारे महाभाग असत्यात," एवढंच बोलले. खालच्या नळीला नवं गॅस्केट, पेस्टचा थेंब नाही. मग नव्या टर्बोच्या तोंडातून स्वच्छ ऑइल ओतून चाक बोटाने हळूच फिरवलं. चुलतभाऊ घड्याळ बघत होता, सौद्याची वेळ होत आली होती. "मारा की स्टार्टर," तो म्हणाला. मिस्त्रींनी ऐकलं नाही. आधी डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडं थोडं फिरवलं, नळीतून ऑइल वर आलेलं डोळ्यांनी पाहिलं, मगच गाडी चालू केली आणि पाच मिनिटं नुसती चालू ठेवली. तेवढा वेळ चुलतभाऊ उभा राहून डिझेलचा आवाज ऐकत होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

परतल्यावर मालकाचा हुकूम निघाला: घाटमाथ्यावर मिनिटभर गाडी चालू ठेवल्याशिवाय बंद करायची नाही. हुकूम उत्तम होता, पण त्याला टपरीवाल्याची संमती नव्हती. पहिल्याच दिवशी पिकअप चालू उभी राहिली तशी तो झारा हातात घेऊन बाहेर आला. "बंद कर की गाडी! धूर कढईत जातोय. गिऱ्हाइकं काय डिझेलची भजी खाणार?" ड्रायव्हरने त्याला टर्बो समजावून सांगायचा प्रयत्न केला. करपलेलं ऑइल, तरंगणारा दांडा, सगळं. टपरीवाला करपलेल्या तेलाचा जाणकार होता, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तिकडं लांब उभी कर, आणि चालत ये."

तोडगा अखेर ड्रायव्हरनेच काढला, आणि शास्त्राला धरून काढला. मिस्त्रींनी त्याला बोलता बोलता सांगितलं होतं की थांबण्याआधीचे दोन-तीन किलोमीटर सपाटीवरून हलक्या पायाने आलं तरी टर्बो वाटेतच थंडावतो. उभं राहून गाडी चालू ठेवायची गरज फारशी उरत नाही. तेव्हापासून तो माथ्यावरच्या टपरीवर थांबत नाही. घाट संपला की पाय सैल सोडतो, शिट्टी उतरत उतरत बंद होते, आणि मलकापूरच्या वाटेवर सपाटीला एक दुसरी टपरी आहे तिथे तो गाडी बंद करून उतरतो. तिथला चहा पुचाट असतो. आलं घातल्याचं नुसतं सांगतात, आणि भजी सकाळची. "टर्बोपायी चांगला चहा सोडलाय सर," त्याने गेल्या फेरीत मला सांगितलं, "दोन रुपये महागही आहे. मालकाला सांगा, तेवढे भत्त्यात धरा म्हणावं."

मी सांगितलं. चुलतभाऊ वर्षाचे किती होतात ते काढतोय.